बाबांच्या डोळ्यांतला रंग

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? छकुलीचा पुढचा दात आला का? मी मजेत आहे असं लिहून खोडलंय, ते तुला दिसेलच.

मी प्रयोगशाळेतलं काही सांगायला लागले की तू जांभई देतेस. आज देऊ नकोस. डोळ्यात उजेड टिपणारं रंगद्रव्य असतं. त्याचा गाभा कोंबडीत, गाईत, माणसात सारखाच. फरक पडतो तो शेजारपाजाराने, म्हणजे गाभ्याभोवतीच्या अणूंनी. कोंबडीच्या एका द्रव्यातून क्लोराइड काढून घेतलं, की त्याचा तांबड्या उजेडाकडचा ओढा कमी होतो. हे मी स्वतः मोजलंय.

तीन आठवड्यांपूर्वी माणसाच्या द्रव्याचा एक नमुना आला. सगळं नेहमीसारखं, फक्त गाभ्याशेजारी एक ऋण भार जास्तीचा. आलेख निळ्याकडे सरकला. सर म्हणाले, "असा डोळा काळोखातही उजेड आहे असंच समजत बसतो. मग खरा मंद उजेड त्याला कळणार कसा? दिवेलागणीला हा माणूस आंधळा."

माझ्या हातातली नळी फुटली. द्रव्य उजेडाने बिघडू नये म्हणून आम्ही अंधाऱ्या खोलीत काम करतो; तिथल्या मिणमिणत्या दिव्यात बाकीचे सरळ चालतात, मी भिंत चाचपत. 'चाचपडेबाई' म्हणतात मला. मीही हसायचे.

मी माझंच रक्त तपासून घेतलं. तोच बदल निघाला.

ताई, बाबा प्यायले नव्हते. ते बुडाले त्या संध्याकाळी कारखान्यातून त्यांना आणायला मी गेले होते, नऊ वर्षांची. ते म्हणाले, "पोरी, हात सोडू नकोस, मला कमी दिसतंय." समोरून माझ्या वर्गातल्या मुली येत होत्या. मला लाज वाटली. मी हात सोडून पुढे पळाले, आणि मागे हौदात आवाज झाला. लोक म्हणाले, पिऊन पडला. आई मान खाली घालून जगली, तू त्यांचा फोटोही लावला नाहीस. मी गप्प राहिले. कारण पिऊन पडला म्हटल्यावर हात कुणी सोडला, हे कुणी विचारणारच नव्हतं.

रागवायला तुला आयुष्य पडलंय. आधी हे ऐक. गेल्या महिन्यात तुमच्या तळघरातले दिवे मंद झाले, तेव्हा शेजारची मुलं धडाधड जिना चढून गेली. छकुली मात्र माझी ओढणी धरून उभी. "मावशी, सगळं गेलं." तू म्हणालीस, "भित्री आहे." आणि तुझ्या बांगड्या जिनाभर भिंतीला घासत गेल्याचं मी ऐकलं.

सोमवारपासून तू संध्याकाळची पाळी घेणार, छकुलीला स्कूटरवर मागे बसवून अंधारात घरी येणार, हे कळल्यापासून चारदा फोन लावला आणि तुझा आवाज ऐकताच ठेवून दिला. ती पाळी घेऊ नकोस. दोघी दिवसाउजेडी इकडे या, तपासून घेऊ. यावर औषध नाही, पण जपून राहता येतं. बाबांना तेवढंही कुणी सांगितलं नाही.

एवढं लिहिलं आणि तुझाच फोन आला. स्कूटरचं आणि डोळ्यांचं कसंबसं सांगून टाकलं. तू म्हणालीस, "अगं, मला वाटायचं, अंधारात सगळ्यांनाच असं दिसतं." पाळी घेणार नाहीस म्हणालीस. मी रडले.

हौदाचं मात्र तोंडातून निघालं नाही. म्हणून हे पत्र पाठवतेच आहे. छकुलीला घेऊन ये. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी, खूप घाबरलेली,
धाकटी