बिनविरोध मुख्याध्यापिका

१७ सप्टेंबर, बुधवार

जर्मनीतल्या आमच्या शनिवारच्या मराठी शाळेची मुख्याध्यापिका म्हणून माझी बिनविरोध निवड झाली तेव्हा मी लेबर रूममध्ये होते. विरोध करणारी एकटी मीच, आणि माझ्या तोंडावर गॅसचा मास्क! अन्वी दहा चाळीसला झाली, मी मुख्याध्यापिका अकराला. मंडळाने एकाच मेसेजमध्ये दोन्हींचं अभिनंदन उरकलं.

त्याला दोन महिने झाले. आई परवा पुण्याला परत गेली. व्हिसा नव्वद दिवसांचा, नातीचं रडणं बेमुदत.

आज शरदचंद्रकाका चार्ज द्यायला घरी आले. चौदा वर्षांपूर्वी ही शाळा त्यांनीच काढली, आजवर त्यांनीच चालवली. किल्ल्यांचा जुडगा, तीन फायली, पितळी घंटा आणि सतरा नियमांचा एक कागद. नियम सहावा — वर्गात जर्मन बोलणाऱ्याने उभे राहावे. अन्वीने त्या कागदावर दूध ओकलं.

"असू दे," काका म्हणाले, "माझ्याकडे लॅमिनेट केलेला आहे."

१८ सप्टेंबर

आज केस विंचरले.

२० सप्टेंबर, शनिवार

पहिला दिवस. एकवीस मुलं, दोन शिक्षिका. उल्काकडे छोटे, माझ्याकडे मोठे. मोठ्यांची बाई म्युनिकला गेली म्हणून मुख्याध्यापिकेनेच फळा पुसायचा.

काका "फक्त बघायला" आले आणि पहिल्या बाकावर बसले. सासुरवाडीला जावई आल्यासारखे, इस्त्रीच्या शर्टात. माझ्याही शर्टाला इस्त्री होती, पण दहा वाजता तिकडे घरी अन्वीला भूक लागली असणार, कारण इकडे माझ्या शर्टावर दोन गोल उमटले. दहा वर्षांच्या ईश्वरीने शांतपणे सांगितलं, "डू बिस्ट नास." तू भिजलीयस. आणि लगेच उभी राहिली.

ही मुलगी चार वर्षं शाळेत येते. सगळं समजतं. उत्तर जर्मनमध्येच. आता तर ती तोंड उघडायच्या आधीच उभी राहते, वेळ वाचतो म्हणून. आज तासभर उभी होती. शेजारचा कबीर तिला बसायला सांगत होता — जर्मनमध्ये — मग तोही उभा.

बारा वाजता अर्धा वर्ग उभा होता. काका समाधानाने म्हणाले, "शिस्त आहे."

२७ सप्टेंबर, शनिवार

अन्वीने बाटलीला नकार दिला. माझ्या नवऱ्याने, निहारने, चमच्याने, वाटीने, शेवटी माझा टीशर्ट स्वतः घालून बाटली देऊन पाहिली. ती फसली नाही. पावणेअकराला तो रडणारं पोर घेऊन वर्गाच्या दारात उभा. गालावर ओरखडा.

"तुझं सामान," म्हणाला.

जिमच्या गाद्यांच्या खोलीत बसून पाजलं. मग तिला झोळीत छातीशी बांधून क्रियापदं शिकवली. मी खाते, तू खातोस, ती खाते. ती खातच होती.

५ ऑक्टोबर

आईचा फोन. "मुख्याध्यापिका झालीस, आता जरा नीट राहत जा." मी पायजम्यात. साडेतीन वाजलेले, दुपारचे.

११ ऑक्टोबर, शनिवार

हे नीट लिहायला हवं.

अन्वी आता दर शनिवारी शाळेत असते. आज दोन्ही वर्ग एकाच खोलीत होते, फळ्यावर लिहिताना तिला उल्काच्या टेबलाशेजारी गादीवर ठेवलं होतं. ती कुरकुरायला लागली. मुलं भोवती जमली. कोणीतरी तिला जर्मनमध्ये चुचकारलं. कबीर एकदम डाफरला, "डी कान डॉख काइन डॉइच!" हिला जर्मन कुठे येतं!

सगळ्यांनी अन्वीकडे पाहिलं. खरंच की. तिला जर्मन येत नाही. तिच्या घरी तर मराठीच बोलतात.

मग ईश्वरी गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "रडू नको. आई इथेच आहे. ती फक्त फळा लिहितो."

चार वर्षांतलं पहिलं मराठी वाक्य. लिंग चुकलं. उल्काच्या हातातला खडू पडला, आणि मी कोपऱ्यातल्या नकाशाकडे तोंड करून उभी राहिले, कारण हल्ली मला टूथपेस्टच्या जाहिरातीनेही रडू येतं.

अर्धा तास सगळे अन्वीला काहीबाही सांगत होते. बूट म्हणजे काय. शाळा कशी बोअर असते. कबीरने आपल्या मेलेल्या हॅमस्टरची पूर्ण हकीकत सांगितली. अन्वी एकदा हसली, एकदा पादली. दोन्हीला टाळ्या.

नियम सहावा मी काढून टाकला. ग्रुपवर तसं लिहिलंही. फार हुशारी वाटली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

भांडण.

शाळा सुटल्यावर काका थांबले. मुलं गेली होती, उल्का खुर्च्या लावत होती.

"ऊर्मिला, ही शाळा आहे. पाळणाघर नाही."

"काका, मुलं बोलतायत."

"बोलतायत? 'आई लिहितो' म्हणतायत. मी चौदा वर्षांत एक शनिवार चुकवला नाही. ताप असताना आलो. तू तीन महिन्यांत नियम काढायला निघालीस."

अन्वी झोळीत रडत होती. पाठ दुखत होती. सकाळपासून मी एक केळं खाल्लं होतं, तेही अर्धं. हे सगळं खरं आहे आणि तरी पुढचं वाक्य माझंच आहे.

"चौदा वर्षांत तुमच्या स्वतःच्या घरी तरी कोण शिकलं मराठी?"

काका माझ्या मागे बघत होते. दारात रेनाटेकाकू उभ्या होत्या, त्यांची बायको, गाडीची किल्ली हातात. चाळीस वर्षांचा संसार जर्मनमधून केलेली बाई. मुलगा हॅम्बुर्गला, त्यालाही मराठी येत नाही. काकूंना माझे शब्द कळले नसतील. पण शब्दच कळावे लागतात असं थोडंच आहे.

काकांनी टोपी घातली. "चल" म्हणाले काकूंना. मराठीत. त्या आल्या.

२१ ऑक्टोबर

राजीनामा लिहिला. चार ओळी. शुद्धलेखन तपासून घ्यावं म्हटलं तर तपासून देणारे काकाच.

पाठवला नाही. अन्वी उठली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

शरद ऋतूची सुट्टी, शाळा नाही. सकाळी रेनाटेकाकूंचा फोन. काकांना सोमवारी मेंदूत गुठळी. जीव वाचलाय. उजवा हात हलत नाही.

"आणि जर्मन गेलं," त्या म्हणाल्या. "सगळं. तो बोलतो, खूप बोलतो. मला एक शब्द कळत नाही. डॉक्टर म्हणतात, कधीकधी आधीची भाषाच राहते. ऊर्मिला, तो दोन दिवस मला काहीतरी मागतोय."

अन्वीला बांधलं आणि ट्राम पकडली.

काका उशीला टेकून बसलेले. चेहरा एका बाजूला उतरलेला, दाढी वाढलेली. मला पाहून वाक्य तुटक तुटक आलं, पण आलं. "ही... बाई... रोज गोड दही देते. मीठ सांग. मीठ!"

काकू बघत होत्या माझ्याकडे, जणू मी आता मृत्युपत्र वाचून दाखवणार.

"मीठ हवंय," मी सांगितलं. "दह्यात."

काकू हसायला लागल्या आणि थांबेचनात. हसताहसता रडल्या. मग पर्समधून रुमाल काढण्याऐवजी पेन काढलं आणि हाताच्या तळव्यावर लिहिलं — MIETH.

निघताना मी काकांना म्हटलं, "त्या दिवशी मी बोलले ते चुकलं."

काका एकेक शब्द शोधत म्हणाले, "खरं... होतं. बोलायची पद्धत... वाईट." मग अन्वीकडे बोट. "हिला... घरी ठेवून शाळेत येऊ नको."

८ नोव्हेंबर, शनिवार

शाळा सुरू. नऊला पाच मिनिटं कमी असताना रेनाटेकाकू आल्या. वही, पेन्सिल, खोडरबर, सगळं नवीन. मला वाटलं काकांची फाइल मागायला आल्या. त्या उल्काच्या वर्गात शिरल्या आणि पाच वर्षांच्या मुलांच्या खुर्चीवर बसल्या. गुडघे हनुवटीपर्यंत. वय सत्तर.

मधल्या सुट्टीत ईश्वरीने त्यांना ताब्यात घेतलं. "नाही, नाही, काकू. पाणी पाहिजे. पा-हि-जे." हात मागे बांधून, काकांसारखी फेऱ्या मारत. काकूंच्या तोंडून जर्मन निघालं तेव्हा तिने भुवई उंचावली. काकू स्वतःहून उभ्या राहिल्या. सगळा वर्ग खिदळला.

राजीनामा ड्राफ्टमध्ये आहे. राहू दे. बरं वाटतं असला की.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काकूंची प्रगती: मीठ, पाणी, उशी, दुखतं का, थांब, वेडा आहेस. शेवटचं कोणी शिकवलं ते कोणी सांगत नाही.

अन्वीला चार महिने झाले. बाटली घेतली! निहारने मला व्हिडिओ पाठवला, त्यात तो स्वतः रडतोय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काकांना रिहॅब-क्लिनिकमध्ये भेटायला गेले. दार अर्धं उघडं होतं. आत काका व्यायाम घेणाऱ्या मुलाला झापत होते. अस्खलित जर्मनमध्ये, एकही विभक्ती न चुकवता.

मी दिसताच काका थांबले. मुलगा गेल्यावर हळूच म्हणाले, "मागच्या आठवड्यातच आलं परत. रेनाटेला सांगू नकोस."

जिन्यात काकूंची पावलं वाजली. वही घेऊन आत आल्या, खुर्ची ओढली, पान उघडलं. "शरद. आज... तू... कसा आहेस?"

काकांनी काकूंकडे पाहिलं आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मराठीत सांगायला लागले.