सोबत कोण येणार?

तारीख चौदा, मंगळवार

चि. सूनबाई,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गॅलरीतल्या मिरचीला फुलं आलीत. वरच्या मजल्यावरची बाई अजून रोज पलंग सरकवते, कुठं नेते कोण जाणे. धाकट्याला खोकला असला तर लगेच दवाखान्यात पळू नकोस, आधी औषधाच्या दुकानात विचार. बारीकसारीक दुखणं ते बघून सांगतात.

मीही तिथंच जाते, पित्ताचं गुलाबी औषध आणायला. दुकानवाली तुझ्याच वयाची न् तुझ्यासारखीच चौकस. परवा बाटली हातात धरून बसली, देईना. मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं न् हळूच म्हणाली, "आजी, घास अडकतो का?"

"दात पडलेत. अडकणारच."

"दातात नव्हे. इथं." स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"तू औषधं विकतेस की चौकशा करतेस?"

"दोन्ही. कपडे ढिले झालेत तुमचे."

शेवटी मी तिला खरं ते सांगितलं.

अडकतो गं. आधी कोरडा घास अडकायचा, आता मऊ भातही. पाणी पिऊन ढकलते. तू फोनवर "जेवलात का" विचारतेस, तेव्हा मी हो म्हणते.

तिनं माझ्यासमोरच डॉक्टरला फोन लावला. काल जाऊन आले. घशातून नळी घालून आत बघायचं म्हणतो. वर मलाच म्हणाला, कसं, ते तुम्ही ठरवा. गुंगीचं इंजेक्शन घेतलं तर फारसं कळत नाही, पण घरी न्यायला माणूस लागतं. नाहीतर घशात फवारा मारून जागेपणीच, मग एकटी आलात तरी चालेल. जन्मात मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं ते हे!

मी डॉक्टरला म्हटलं, "तुझ्या आईचं काय केलं असतंस?"

"आईला आधी विचारलं असतं, भीती कशाची वाटते."

"भीती कसली? जागेपणीच कर. एकटी येईन," म्हणाले न् तरातरा घरी आले.

घरी चहा केला, तो तसाच निवून गेला. नळीचं काही नाही गं. नळी काढल्यावर तो जे सांगेल ते एकटीनं ऐकायचं, न् ऐकून कुलूप उघडून या घरात शिरायचं.

आज दुकानवालीला सांगितलं. म्हणाली, "ठरवलेलं बदलता येतं, आजी. कुणी रागवत नाही." तिथूनच फोन करून बदललं. सोबत कोण येणार, विचारलं त्यांनी. मी तुझं नाव सांगितलं. तुला न विचारता.

पुढच्या सोमवारी सकाळी आहे. माझ्या लेकाला आणू नकोस, त्याला सुई बघून घेरी येते, मग त्याला कोण सांभाळणार? डॉक्टर बोलेल ते तू नीट ऐक, माझ्या डोक्यात तेव्हा काही शिरायचं नाही. आणि मला गोडगोड खोटं सांगायचं नाही. तुला ते जमतही नाही, म्हणून तर तुझं नाव दिलं.

फोनवर माझा आवाज फुटला असता. म्हणून कागद.

इतक्या वर्षांत तुला कधी ये म्हटलं नाही. ये.

तुझी सासू