तीस दिवसांच्या आत

१७ ऑक्टोबर

आजपासून ऑफिस. आई म्हणाली, "जा गं तू. इथं बसून काय करणारेस? काचेतूनच तर बघायचं." खरंच आहे. धाकटा भाऊ तसाच. डोळे मिटलेले, श्वास यंत्राचा. आईच्या मोजणीने नववा दिवस.

टेबलावर पुलाची फाइल. तोच पूल! नदीपलीकडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघाला होता, ट्रकने कठड्यावर दाबला. दोन गाड्या शेजारून जाऊ शकत नाहीत इतका अरुंद पूल, आणि शहर मात्र चहूकडे वाढतंय. रुंद पूल आणि बसची वेगळी मार्गिका, यासाठी वाहतूक निधीकडे अर्ज करायचाय. तो मीच लिहायचा. दोन वर्षं मीच लिहितेय.

साहेब म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या कोणाला देऊ का?" नको म्हटलं. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, म्हणून लिहून ठेवतेय.

२१ ऑक्टोबर

अर्जाला शंभरापैकी गुण असतात. पासष्टच्या खाली दारातही उभं करत नाहीत. आम्ही मोजून पाहिले, बासष्ट.

ऑफिसात आकडेवारी बघणारा, आमचा आकडेवाला, मोठ्याने नियम वाचत होता. "रस्त्यावरील मृत्यू, गेली तीन वर्षं. पाचपर्यंत सहा गुण, सहा किंवा जास्त असले तर दहा. आपले पाच. एक असता तर सहासष्ट झाले असते की!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. पुढची ओळ वाचली: "अपघातानंतर तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू धरावा, दाखला मागाहून चालेल." आणि थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. कोणीच बघितलं नाही. साहेबांना एकदम चष्मा पुसायचा होता.

मी म्हटलं, "पुढचं वाच."

२२ ऑक्टोबर

यंत्र तसंच. आई तशीच.

२५ ऑक्टोबर

तीन गुण दुसरीकडून मिळू शकतात. नदीपलीकडच्या चार नगरपालिकांची संमतिपत्रं हवीत. तीन आलीत, चौथं अडलंय. चौथं आलं की पासष्ट. मग कोणाचं काही मोजायला नको.

साहेबांना म्हटलं, मी स्वतः जाते. ते लगेच हो म्हणाले. जरा जास्तच लगेच.

२८ ऑक्टोबर

गेले. चौथ्या पालिकेचे अध्यक्ष. खुर्ची मोठी, माणूस गोड.

"पूल तुमचा, बस तुमची, धूर तेवढा आमचा! आमच्या पदरात काय?"

म्हटलं, तुमची माणसं रोज आमच्याकडे कामाला येतात. पूल त्यांचाही आहे.

"ते झालंच. पण बसस्थानक आमच्या हद्दीत हवं."

नकाशे दाखवले. पुलावर तीन दिवस उभं राहून माणसांनी मोजलेली वाहनं दाखवली. हात जोडायचे बाकी ठेवले होते, तेही जोडले. हे मी सरकारी कामासाठी कधी केलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "ताई, तुम्ही एवढ्या लांबून आलात. पाठवतो पत्र." परतताना बस पुलावर चाळीस मिनिटं अडकली. कठड्याचा तुटलेला भाग दोरीने बांधलाय. मी बघितला. बघून पुन्हा कागद चाळायला लागले.

२९ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, पहिला महिना अवघड. तो काढला तर आशा धरायला हरकत नाही. आईने तेवढंच पकडलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारते.

आकडेवाल्याच्या टेबलावरही कॅलेंडर आहे. त्यावर काही खूण नाही. मी वाकून पाहिलं.

३ नोव्हेंबर

पत्र आलं! सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. "आमची संपूर्ण संमती आहे. मात्र बसस्थानक आमच्या हद्दीत असावे."

मात्र! अटीच्या संमतीला शून्य गुण. एका शब्दाने तीन गुण गेले. फोन केला तर अध्यक्ष दौऱ्यावर. त्यांचा कारकून म्हणाला, "मॅडम, तो शब्द साहेबांनी स्वतः घातलाय. आता ब्रह्मदेव आला तरी निघायचा नाही."

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून तसाच झाकला. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं.

५ नोव्हेंबर

आज शेवटची तारीख. अर्ज बासष्ट गुणांवर तयार. म्हटलं, पाठवून टाकू. नाही झाला तर पुढच्या वर्षी. साहेब म्हणाले, "घाई नको. मी बोललोय वर. आठ तारखेपर्यंत मुदत दिलीय."

"कशासाठी?"

"वाहनांची मोजणी राहिलीय म्हणून सांगितलं."

मोजणी केव्हाच झालीय. साहेब वाईट माणूस नाही. रोज विचारतात, "भाऊ कसाय?" आधीही असंच विचारायचे. आता उत्तर देताना माझीच जीभ अडखळते.

आणि खरं सांगायचं तर, "कशासाठी" हे मी उगाचच विचारलं. आठ तारीख ऐकल्याबरोबर मनात दिवस मोजून झाले होते. त्यांच्यापेक्षा माझे आधी झाले असतील.

७ नोव्हेंबर

आईच्या मोजणीने आज तिसावा. "काढले गं माझ्या बाळाने तीस दिवस!" नर्सला सांगितलं, लिफ्टवाल्याला सांगितलं, झाडू मारणारीलाही सांगितलं. माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात माझा आहे असं वाटेना.

आनंद झाला का मला? सुटल्यासारखं झालं. त्याला आनंद म्हणत नाहीत.

उद्या पाच आकडा घालून अर्ज पाठवायचा. ठरलं.

८ नोव्हेंबर

लवकर ऑफिसला आले. आठ चाळीसला नर्सचा फोन. धाकटा गेला. आई आंघोळीला घरी गेली होती.

अर्ज समोर उघडा होता. तळटीप आहे: अपघाताचा दिवस मोजणीत धरू नये. आई धरत होती. म्हणजे आज तिसावा.

पाचाचे सहा केले. अर्ज पाठवला.

मग आईला फोन केला.