ती वळून पाहते ती जागा

मुळशी, माघ वद्य पंचमी, शके १८४३

दिवेलागणीनंतर तंबूत माझा आवडता मूकपट लागला. नायिका घराला कुलूप लावते, थोडी पुढे जाते आणि वळून पाहते. त्या वळण्यासाठी मी पेटीवर मारव्याचे आलाप बांधले आहेत. मी कोणत्याही नाटकमंडळीशी बांधील नाही, आणि त्यांच्या एकाही पेटीवाल्याला ते साधणार नाहीत.

नेमक्या त्याच जागी पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पेटीवालं, वाईच गप ऱ्हावा की. तिला घर बगू द्या."

माझा हात थांबला. तंबूचा मालक मागून कुजबुजला, "वाजवा बुवा, लोक उठतील."

कोणी उठले नाही. धरणाच्या पाण्यात यांची घरे जाणार, हे मला ठाऊक होते. वाजवताना आठवले नव्हते.

स्वरज्ञान नसलेल्या बाईने मला थांबवावे? संताप आला. अजून थोडा आहे. पण ते वळून पाहणे आज प्रथमच नीट पाहिले. एरवी माझी दृष्टी पेटीच्या पट्ट्यांवर असते.

उद्याही हाच खेळ. मारवा कुलूप लागेपर्यंत वाजेल. ती वळली की भाता मिटून घेईन. मालकाला काय म्हणायचे ते म्हणो.