बिनइंजिनाची गाडी

९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र बसून वाच. मी गाडी घेतली. चारचौघांसारखी नव्हे, दोनच माणसं बसतील अशी, बिनटपाची, जुनी स्पोर्ट्स कार. शाळेत असल्यापासून मला ती हवी होती, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

शहराबाहेर एक लाकडाची वखार आहे, फळांच्या पेट्या बनवतात. मालकीणबाई सत्तरीच्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या शेडमध्ये ही गाडी फळ्यांच्या ढिगाखाली तीस वर्षं पडून होती. बॉनेट गंजून इतकं घट्ट बसलेलं की उघडेना. म्हटलं, घरी ओढून नेऊन उघडू.

काल पहार लावून उघडलं. भोवती सगळा शेजार गोळा झालेला. ताई, आत इंजिनच नाही! थेट खालची जमीन दिसत होती आणि तिथे आमचं मांजर अंग चाटत बसलं होतं. माझ्या पायाखालची जमीन सरकली, मांजराखालची मात्र जागची हलली नाही. तुझी भावजय एक शब्दही बोलली नाही. आत जाऊन आदल्याच दिवशी इस्त्री केलेले कपडे पुन्हा इस्त्री करत बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
खटपट्या

१३ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पत्र उभ्यानेच वाचायला घेतलं आणि मग खरंच बसावं लागलं. अरे, जन्मभर लोकांच्या जळक्या विजेच्या मोटारी नवी तार गुंडाळून रिवाइंड करून देतोस, उघडून पाहिल्याशिवाय एका मोटारीला हात लावत नाहीस, आणि एवढी आख्खी गाडी न उघडता उचलून आणलीस? मी इतकी वर्षं मुख्याध्यापिका होते, पण असा विद्यार्थी माझ्या शाळेत आला नाही. घरातच होता.

त्या बाईने तुला सरळ टोपी घातली. नवऱ्याच्या मागे त्याची गाडी विकायला काढली आणि इंजिन आधीच भंगारात घातलं असणार. उद्याच जा आणि जाब विचार. मऊ पडू नकोस.

डोकं थंड झालं की माया आहेच.

तुझी,
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

गेलो. काय काय सुनवायचं ते वाटभर घोकत गेलो. फाटकातच आवाज ऐकला आणि थबकलो. करवत चालू होती. करवत फिरवणाऱ्या पट्ट्याचा माग काढत मागच्या बाजूला गेलो, तर सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी आवळलेलं माझं इंजिन! घासूनपुसून लखलखीत, सुरात चाललेलं.

मालकीणबाई आल्या. आधी म्हणाल्या, तुम्ही इंजिनाचं विचारलंत कुठे? मग खाली बघून म्हणाल्या की चूक त्यांचीच, गाडी म्हणजे इंजिनासकटच. मी येणार हे त्यांना माहीत होतं, हवं तर आजच काढून न्यावं. मी विचारलं, यजमानांनी बसवलं होतं का इथे? गृहपाठ न करता आलेल्या पोराकडे तू बघायचीस ना, तसं बघितलं त्यांनी माझ्याकडे. गाडी त्यांचीच होती ताई. लग्नाआधी स्वतःच्या कमाईतून घेतलेली. यजमान गेले त्याच महिन्यात वखारीचं जुनं इंजिन फुटलं. तेव्हा तिथे वीज नव्हती. फाटकाशी कामगार उभे, पदरात दोन लहान मुलं. साखळी-कप्पी लावून बाईंनी आपल्या हाताने गाडीचं इंजिन उतरवलं. दुसऱ्या दिवशी करवत सुरू. त्यानंतर त्यांनी गाडी कधी चालवली नाही.

सुनवायचं ते सगळं तिथेच सोडून रिकाम्या हाताने परत आलो. इंजिन आणलं तर वखार बंद, नाही आणलं तर माझ्या दारात पत्र्याचं खोकं. सांग, काय करू? तुझा हात पाठीवर असू दे.

तुझा,
खटपट्या

२३ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

मी बाईमाणूस असून ‘नवऱ्याची गाडी’ असं लिहून बसले! हात कसा धजला कोण जाणे. दोन दिवस स्वतःशीच खजील आहे.

बाकी, आता तरी तिथे वीज आली असेल ना? आणि तुझ्या दुकानात विजेच्या मोटारींचा ढीग पडलाय ना? याहून जास्त शिकवायचं आता माझं वय नाही.

भावजयीला आशीर्वाद. तुलाही, थोडे.

तुझी,
ताई

१७ मे

ती. ताईस,
शि. सा. न.

वखारीची करवत आता मी रिवाइंड केलेल्या मोटारीवर चालते. इंजिन गाडीत बसलं. तुझ्या भावजयीने अबोला सोडला आणि सीटची कव्हरंही शिवली.

आज आम्ही दोघं गाडी घेऊन वखारीत गेलो. मालकीणबाईंना म्हटलं, क्षणभर स्टिअरिंगपाशी बसा तरी. त्या बसल्या. मी शेजारी बसायला वळसा घालतोय, तोच गिअर पडला आणि गाडी फाटकाबाहेर! करवत बंद झाली, कामगार धावत बाहेर आले. मी हात पुढे करून तसाच उभा. तासभर पत्ता नाही. तुझी भावजय तर रडकुंडीला आली.

परत आल्या तेव्हा केस मोकळे झालेले, डोळे लाल. उतरल्या, म्हणाल्या की ब्रेक डावीकडे ओढतोय. मग बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या, बराच वेळ.

ताई, किल्ली मी मागितली नाही आणि त्यांनी दिली नाही. आम्ही दोघं बसने घरी आलो. तुझी भावजय वाटभर हसत होती.

ओरडायचं असेल तर समोर येऊन ओरड. पत्रातून लोभ तेवढा पाठव.

तुझा,
खटपट्या