वाऱ्यावर लागणारा दिवा

हिगाशी-ओसाका,
वर्षअखेरची झाडलोट संपल्यावर

ती. तोमिएताई यांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे या ओकुनो सेइजीचा, कपाळ चटईला टेकवून नमस्कार. इकडे थंडीने बोटं वाकेनाशी झाली आहेत. मग तुमच्या सासायामाच्या डोंगरात काय होत असेल, या विचारानेच मी दुसरे मोजे चढवले. पडवीत टांगलेले मुळे नीट वाळले का? काळे सोयाबीन यंदा कसे उतरले? आमच्या साडूभाऊंचा गुडघा आता जिना चढू देतो का? (मी गेल्या वर्षी बनवून दिलेला स्प्रिंगचा पट्टा ते अजून बांधत असतील तर कृपा करून सोडायला सांगा. तो उतरताना काय करतो ते मला नंतर कळलं.) मी इकडे ठीक आहे. फुसाए तुमच्याकडे आहे हे मला माहीत आहे, कारण ती तसं सांगूनच निघाली. तिला परत पाठवा, असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही. नवीन वर्ष तोंडावर आलं आहे आणि घराला घरपण नाही, याचा तर मी उल्लेखही करणार नाही. तुम्ही तिची बाजू ऐकली असेल, तेव्हा माझीही ऐकावी, इतकाच हेतू.

ताई, तुम्हाला ठाऊकच आहे की आमच्या कारखान्यात (खालची खोली म्हणजे कारखाना, वरची खोली म्हणजे घर, आणि मधला जिना म्हणजे आमची भांडणाची जागा) जन्मभर दुसऱ्यांच्या यंत्रांचे सुटे भाग बनले. स्वतःच्या डोक्यातून निघालेली एखादी वस्तू मरण्यापूर्वी लोकांच्या घरात चालताना बघावी, ही माझी जुनी हौस. व्हॅक्यूम क्लीनर कपाटाखाली घातला की तिथे काळोख असतो. तिथवर वायर न्यावी तर ती पायात येते, बॅटरी बसवावी तर ती पाहुणे यायच्या दिवशीच संपते. म्हटलं, यंत्र एवढी हवा ओढतं, ती फुकट का घालवायची? तेव्हा यंत्राच्या तोंडात, हवेच्या वाटेवर एक भिंगरी बसवली, भिंगरीला सायकलीच्या डायनॅमोचा नातू शोभेल असा इवला डायनॅमो जोडला आणि पुढे दिवा लावला. हवा आत शिरली की भिंगरी फिरते आणि दिवा लागतो. कुठल्याही जुन्या यंत्राला हे तोंड बसतं. आता पहिली भिंगरी शीळ घालायची, हे खरं. ती शीळ हुबेहूब टोफूवाल्याच्या पिपाणीसारखी निघाल्यामुळे समोरचे आजोबा वाडगं घेऊन बाहेर यायचे आणि रिकाम्या गल्लीकडे बघत राहायचे. शेवटी फुसाएने आमच्या रात्रीच्या जेवणातला टोफू त्यांच्या वाडग्यात घातला. मग मी पाती वाकवून शीळ बंद केली. आजोबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. दिव्याची आणखी एक खोड राहिली. तोंड नुसतं हवेत धरलं की दिवा लख्ख पेटतो आणि जमिनीला टेकवून कामाला लावलं की मंदावतो. फुसाए म्हणाली, "नवऱ्यावर गेलाय." तेव्हा ती हसत होती, हे मुद्दाम नमूद करतो.

तर झाडलोट आटोपली आणि रिवाजाप्रमाणे फुसाएने गल्लीतल्या बायकांना चहाला बोलावलं. तिने चटया पुसल्या होत्या, कागदी दारांना नवा कागद चिकटवला होता, आणि हामागुचिबाई (या रहिवासी मंडळाच्या अध्यक्ष, त्यांनी मान हलवल्याशिवाय आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडीसुद्धा पुढे जात नाही) खोलीवरून नजर फिरवून म्हणाल्या, की असं लखलखीत घर यंदा दुसरं पाहिलं नाही. माझ्या मनात आलं, मुहूर्त तो हाच. मी खोलीतला दिवा मालवला आणि यंत्र सुरू केलं. ताई, हा दिवा जमिनीलगत आडवा पडतो. आडव्या उजेडात कणाकणाला सावली फुटते. चटयांच्या विणीतून, कपाटाच्या पायांपासून, थेट हामागुचिबाईंच्या आसनापर्यंत धूळच धूळ दिसू लागली. मग हामागुचिबाई म्हणाल्या, "किती छान दिवा आहे." सगळ्या म्हणाल्या, किती छान दिवा आहे. फुसाए कानापर्यंत लाल झाली आणि तिने वाकून क्षमा मागितली. तिला बरं वाटावं म्हणून हामागुचिबाई म्हणाल्या, की छे, आमच्याकडे याच्या दुप्पट धूळ आहे. शेजारच्या नागाताबाई म्हणाल्या, आमच्याकडे तर तिप्पट.

आता तुम्हीच सांगा, यंत्र बनवणाऱ्या माणसाला एवढी आकडेवारी मिळाल्यावर तो घरी बसेल का? दुसऱ्या दिवशी मी तोंड घेऊन हामागुचिबाईंच्या दारात उभा राहिलो. त्या "या" म्हणाल्या. (आता समजतं की त्या "या" मध्ये "जा" होतं.) मी त्यांच्या कपाटाखाली उजेड पाडला आणि कारागिराच्या प्रामाणिकपणाने सांगितलं, की दुप्पट कसली, आमच्या निम्मीसुद्धा नाही, तुम्ही उगाच वाढवून सांगितलंत. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, पण चहा आला नाही. तिथून नागाताबाईंकडे गेलो. तिथे खरोखर तिप्पट निघाली, तेव्हा मी त्यांच्या खरेपणाचं मनापासून कौतुक केलं, आणि ते त्यांच्या सासूबाईंच्या देखत केलं.

त्यानंतरचं फुसाएकडून ऐकलंच असेल. मिठाईचे पुडे घेऊन ती दारोदार क्षमा मागून आली, जिन्यात थांबली आणि म्हणाली, "लोक आपली धूळ झाकून एकमेकांचा मान राखतात. तुम्ही तिच्यावर उजेड पाडून आलात. काय पण दिवे लावलेत!" मी म्हणालो, निदान लागला तरी. हे बोलायला नको होतं. तिने बॅग भरली आणि जाताना सांगून गेली, की भाताचं आता तुमच्या दिव्यालाच बघायला सांगा.

पण ताई, जग इतकं वाईट नाही. परवा मागच्या दाराने हामागुचिबाई आल्या, पदार्थ झाकून आणावा तसा रुमालात मुळा घेऊन. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही त्यांना जमिनीवरचं नीट दिसत नाही. सूनबाई त्यांच्या मागून पुन्हा झाडते आणि बोलत काहीच नाही, ते त्यांना जास्त लागतं. म्हणाल्या, "मला एक तोंड करून द्या. कोणाला सांगू नका." मी शब्द दिला. (तुम्ही सासायामाला राहता, तेव्हा तुम्हाला सांगणं यात धरू नये.) त्या गेल्यावर मागच्याच दाराने नागाताबाई आल्या आणि त्यांनाही तेच हवं होतं, तेही कोणाला न सांगता. आता पुढच्या दारी आमच्याकडे कोणी फिरकत नाही आणि मागच्या दारी चपलांना जागा नाही. माझी वस्तू लोकांच्या घरात चालणार! मला अतिशय आनंद झाला. तो सांगायला मी जिन्यात गेलो, आणि वर कोणी नव्हतं.

असो. पत्र लांबलं. भाऊंना नमस्कार, थंडीत जपा, आणि नवीन वर्षाच्या आगाऊ शुभेच्छा.

तुमचा,
सेइजी

ता. क. डायनॅमोची तार केसाहून बारीक आहे आणि तिची गुंडाळी आजवर फुसाएच करत आली. माझ्या जाड बोटांत ती तुटते. तेव्हा निव्वळ धंद्याच्या दृष्टीने, मागणी वाढल्यामुळे, तिने चार दिवस येऊन जावं, असं तुम्ही तुमच्या मनाने सुचवलंत तर माझी हरकत नाही.

आणखी एक. वरचं लिहून पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. सकाळपासून बसून मी एक गुंडाळी स्वतः केली. बटाट्यासारखी झाली आहे, पण दिवा लागतो. म्हणजे फुसाएने परत यावं, याला आता कामाचं काहीही कारण उरलेलं नाही. तरी तिने यावं. मला ती घरात हवी आहे. ताई, एवढ्या ओळी तिला वाचून दाखवा. बाकीचं पत्र शेगडीत घातलंत तरी चालेल.