जपानी साखरेचे साचे

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि जपानी मिठाईच्या म्युझियमची गोष्ट तुला नीट सांगायची राहूनच गेली. मंदीत आमची कंपनी बुडाली तेव्हाची ती. मालक गुपचूप देश सोडून गेला, ऑफिसला सील लागलं आणि आमचे पासपोर्ट आतल्या कपाटात राहिले. केस सुटेपर्यंत कुणालाच बाहेर जाता येईना. तुला मी 'रजा मिळत नाही' एवढंच सांगायचो. दिवसभर बाल्कनीत उभा राहून दुबई मरीनातल्या अर्धवट टॉवरवरच्या थांबलेल्या क्रेन बघायचो. शेवटी तुझी सून म्हणाली, "यल्ला, ऊठ. पोरीला तरी कुठे घेऊन जाऊ."

जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका इमारतीच्या तळमजल्यावर एका जपानी बाईंनी दोन खोल्यांचं म्युझियम मांडलं होतं. त्यांच्याकडे साखर आणि तांदळाचं पीठ साच्यात दाबून मिठाई करतात, तिचं. भिंतभर लाकडी साचे. मासा, पंखा, फूल, सगळं उलटं कोरलेलं. मी तिथेच थबकलो. आपल्या स्वयंपाकघरात फाल्गुनातली दुपार आहे. तू साच्यात दोरा घालतेस, फळ्या आवळून बांधतेस, उकळता पाक ओततेस. मी घाईनं फळी उघडतो, पाडव्याची गाठी मोडते आणि तू म्हणतेस, "पाक तुझ्या सवडीनं थिजणार आहे का रे?"

"बाबा, इट्स जस्ट शुगर," लेक म्हणाली. बाईंनी मात्र माझ्याकडे पाहून काचेचं कपाट उघडलं आणि माशाचा साचा माझ्या हातात दिला. "माझी आई असेच साचे वापरते," मी म्हणालो आणि तिथूनच तुला फोन लावला.

तू खोकत होतीस, तरी ऐकून हसलीस. "त्यांच्यातही गुढी उभारतात का?"

"नाही गं."

"बरं. यंदा माझ्यानं कढई उचलवत नाही. पाडव्याला येतोयस ना?"

"इन्शाल्ला," मी बोलून गेलो. 'देवाच्या मनात असेल तर' म्हणायची, इथे राहून जिभेला लागलेली सवय.

"म्हणजे काय?"

"म्हणजे येतो."

शेजारी उभी असलेली तुझी सून लेकीला घेऊन पुढच्या खोलीत गेली.

पाडव्याच्या आधीच तू गेलीस. दादानं फोन तुझ्या उशाशी धरला होता. गुरुजींचा आवाज, बायकांचं रडणं, आणि इकडे मी मोबाइल कानाला लावून भिंतीला टेकून उभा. पासपोर्ट हातात आला तेव्हा गावाला कशासाठी जायचं तेच कळेना. याच देशात, दूर वाळवंटातल्या रुवैसला नोकरी मिळाली, ती धरली. अजून तिथेच आहे.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. आता 'कधी येतोस' असं मला कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर आई, त्याचं मला बरं वाटतं.